छेद

झोम्बाहून पत्र आलं त्याला पाच आठवडे झाले.
सार्वजनिक आरोग्य, दोन वर्षं,
सप्टेंबरच्या नऊ तारखेला हजर व्हावे,
राहण्याची सोय ज्याची त्याने पाहावी.
आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात:
अपूर्णांकांची उजळणी करून यावे.

अपूर्णांक!
चौदा वर्षं सलाइन लावते आहे मी,
कंदील विझला तरी बोटांना शीर सापडते,
आणि आता रात्री भाच्याच्या वहीत डोकं घालून
अंश वर, छेद खाली.
मदालो अकरा वर्षांचा, मास्तर झालाय माझा.
"मावशी, वरचा आकडा कोण?"
जे आले ते.
"आणि खालचा?"

वरचे मला तोंडपाठ आहेत.
फेब्रुवारीत पटकी आली तेव्हाच्या रजिस्टरात
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशा जुड्या.
तिसऱ्या जुडीतली आडवी रेघ म्हणजे असियातू,
खाटेला भोक, खाली बादली,
तरी शेवटपर्यंत लुगडं सावरत राहिली.
तिच्या शेजारची उभी रेघ लुसियानो,
एका दिवसात नऊ लिटर प्यायला,
म्हणाला, "सिस्टर, आता तळं आटेल,"
आणि वाचला.

पण रेघेखाली काय लिहू?
फॉर्मवर छापलेलंच आहे: अंदाजे लोकसंख्या ४२००.
अंदाज कुणाचा, कुठल्या खुर्चीतला,
ते छापलेलं नाही.

म्हणून बॅग भरायची सोडून
मी रजेत छेद मोजायला निघाले.
सायकल, खडू, वही.
उसिपा वाळत घातलेल्या मांडवांमधून,
दारादारावर आकडा टाकत.
काही घरं अशी, की चौदा वर्षांत
तिथलं कुणी दवाखान्याची पायरी चढलेलं नाही.
"तुम्ही आजारी पडतच नाही का?"
एकजण हसला. "पडतो की.
तुमच्याकडे पडत नाही."

जाळं विणत बसलेली नाबांडाबाई म्हणाली,
"मला अर्धी लिही.
अर्धी मी तळ्यात आहे, नवऱ्यापाशी."
अर्धं माणूस लिहिता येत नाही, आजी.
"मग कसला हिशेब शिकायला चाललीस?"

टोकाच्या झोपड्यांत पलीकडच्या काठावरून आलेले.
(पलीकडचा काठ दिसत नाही,
तरी आम्ही तळंच म्हणतो त्याला.)
वही दिसताच सगळे आत.
मी वही सायकलला लावली, उंबऱ्याशी बसले,
पाणी मागितलं.
एका पोरीनं पेला आणला.
वास घेतला मी, चौदा वर्षांची सवय:
क्लोरिन नाही.
नर्सनं असलं पाणी पिऊ नये.
प्यायले.
मग एकेक करून बाहेर आले,
तेवीस.

एकूण पाच हजार तीनशे सतरा.
मदालोनं भागाकार केला, जीभ बाहेर काढून,
आणि उडीच मारली:
"छेद वाढला ना, म्हणून प्रमाण उतरलं!
मावशी, मेलेले कमी झाले!"
मी पुन्हा मोजल्या रेघा.
होत्या तेवढ्याच होत्या.
त्याचं गणितही बरोबर होतं.
रात्रभर दोन्ही उशाशी घेऊन जागी.

उद्या साडेपाचची बस.
झोम्बात थंडी असते म्हणतात, तर घोंगडी घेतलीय.
रजिस्टर सरकारचं, ते इथंच राहील;
रेघा तेवढ्या उतरवून घेतल्यात.
नाबांडाबाईला अखेर पूर्णच लिहिलं,
पण नावापुढे एक टिंब दिलंय, पेन्सिलीचं.
कुठल्या रकान्यात बसतं ते विचारीन तिथं.

वाळलेल्या माशांच्या डब्याचं झाकण
काही केल्या बसत नाही.
चादरी, चपला, कोऱ्या वह्या,
सगळ्याला आत्ताच वास लागलाय.