उंची एकशे चाळीस

सौमित्रने डर्बीहून यादी पाठवलीय:
दोन किल्ले, एक राजवाडा, गुलाबांची बाग,
लेस्टरचं देऊळ,
आणि खाली एक ओळ,
"आई, बसायला बाक असतील तिथेच नेणार तुला."

मी यादी फ्रिजवर चुंबकाखाली लावली
आणि वरच्या मजल्यावरच्या झोयाला हाक मारली.

झोया बागवान, इयत्ता पाचवी.
फातिमानगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये
पाळण्यांतलं तिच्याइतकं कुणालाच कळत नाही.
बसलेली मात्र एकातही नाही.
मीही नाही.
मी ते पाहिलेत, पण खालून.

चतुःशृंगीच्या जत्रेत, दर नवरात्रात,
मी आकाशपाळण्याखाली उभी असायचे:
खांद्यांवर चार पिशव्या,
मुठीत ह्यांचा चष्मा, नणंदेचं पाकीट,
सौमित्रची डाव्या पायाची चप्पल.
वर गेलेली सगळी हात करायची.
मला उलट हात करता यायचा नाही.
"हिला चक्कर येते," असं कुणीतरी एकदा म्हणालं होतं.
येते का, ते मला अजून माहीत नाही.

झोयाने चौकटीच्या वहीत रकाने पाडले:
नाव, उंचीची अट, रांग, किंकाळी दहापैकी.

विंडसरचं ठोकळ्यांचं गाव तिने आल्या आल्या खोडलं.
"आजी, ते बारक्यांचं."
(तिचा धाकटा भाऊ यावर बराच वेळ रडला.)
थॉर्प पार्कला किंकाळीत नऊ मिळाले,
पण ते पडलं लंडनकडे, डर्बीहून दूर.
ऑल्टन टॉवर्स मला आवडलं ते त्याच्या हट्टासाठी:
झाडांच्या शेंड्यांवर जायला मनाई,
तर पठ्ठ्यांनी जमीनच खोल खणली
आणि रूळ खाली नेले.
असा मार्ग काढणारी माणसं मला कळतात.
मग ब्लॅकपूल, समुद्राकाठी.
तिथला एक लाकडी, शंभरी उलटलेला,
धावताना सगळा खडखडतो म्हणे.
"तुमच्या गुडघ्यांसारखा," झोया म्हणाली
आणि त्याला एक मार्क जास्त दिला.

दोन-दोन तासांची रांग असते.
असू दे.
कॅम्पातल्या एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडले.
"आपण रांगेत आहात" हे वाक्य माझ्याच तोंडचं.

उंची मोजली दाराला टेकवून, डोक्यावर पट्टी आडवी धरून.
अट एकशे चाळीस, मी एकशे एकोणपन्नास.
लग्न ठरताना हीच उंची
तीन ठिकाणी कमी पडली होती.
झोया भरली एकशे छत्तीस.
तिने टाचा थोड्या उचलल्या,
मी पाहिलं नाही असं दाखवलं,
तिने आपणहून टेकवल्या.

डॉक्टर पोंक्षे ईसीजीची पट्टी बघत म्हणाले,
"गुलाबांच्या बागेत जायला ईसीजी कशाला?"
मी खरं सांगितलं.
ते चष्मा काढून हसले, मग पट्टी पुन्हा पाहिली,
जरा नीट.
"बसा," म्हणाले. "पण आधी खाऊ नका."

काल दाण्याचं कूट करताना
मिक्सर चालू ठेवून ओरडून पाहिलं.
पहिल्यांदा नुसता खोकला आला.
दुसऱ्यांदा बरं जमलं,
शेजारच्या डिमेलोबाईंनी बेल वाजवण्याइतकं.

एवढं सगळं ठरलं, तेव्हा मला आठवलं:
"अगं, पण माझी पिशवी कोण धरणार?"
झोयाने माझ्याकडे पाहिलं
जसं शाळेतल्या ढ मुलाकडे पाहतात.
"लॉकर असतो, आजी. नाणं टाकायचं."

लॉकर.
एवढी वर्षं मी लॉकर होते, तेही बिननाण्याची.

सौमित्रला अजून कळवलेलं नाही.
यादीत किल्ले राहू देत, चहा पिऊन होतील.

जाताना झोया जिन्यातून परत आली.
"वर गेलात की हात करायचा."
कुणाला गं?
"मला. मी गच्चीवर असेन."
मग वहीचं शेवटचं पान उघडून
तिथल्या अकरा वाजता इथे किती
ते बोटांवर मोजून लिहू लागली.