रंगाचा रकाना

पुण्याहून कंपनीचा माणूस आला होता, खळदकर नावाचा.
पायात बूट, त्यामुळं मागाच्या खड्ड्याशी
उकिडवं बसता येईना त्याला.
म्हणाला, राणीसाठी साडी पाहिजे,
काठ नारळी, पदरावर मोर,
रंग कुठलाही चालेल,
पडद्यावर सगळं राखाडीच दिसतं.

आबांचा धोटा हातातच राहिला.
"रंगाबिगर कसं इणावं, सायेब?
ही पोरगी कांड्या भरती. काय भरंल, राख?"
पोरगी म्हणजे मी. नऊ वर्षांची.

मग बराच वेळ पान जुळवत आबांनी विचारलं,
राणी करती काय त्या टायमाला?
"एका दारातून दुसऱ्या दारात जाते."
"बोलती?"
"नाही."
"रडती?"
खळदकर अडखळले. "ते अजून ठरलं नाही."

तेवढ्या ऐवजावर साडेचार महिने.
उभा धागा लाल, आडवा हिरवा,
"दोघं भांडत ठिवायचे, कुणालाच जिंकू द्यायचं न्हाई.
ती हलली की उजेड हलंल."

पैठणात तेव्हा बोलपटाची परीक्षा कुठं घ्यायची?
आबांनी पुनवेची वाट पाहिली.
चांदण्यात रंग नसतो.
अर्ध्या रात्री मला उठवलं, साडी गुंडाळली,
निम्मी अंगावर, निम्मी काखेत,
म्हणाले, चाल.
गोठ्याच्या दारातून चुलीच्या दाराकडं
मी चालले. अकरा पावलं.
म्हैस बघत होती. आबा बघत होते.
"पुन्हा," म्हणाले. मग पुन्हा.
झोपेनं माझे डोळे चुरचुरत होते,
त्यांना वाटलं राणी रडली.

पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या षष्ठीच्या जत्रेत
वाळवंटात तंबू लागला.
इंजिनाची धडधड, गॅसबत्तीभोवती किडे,
बायकांच्या बाजूला मी, दोरीपलीकडं आबा.
तीन रिळं गेली. लढाई झाली, गाणी झाली,
एका म्हातारीनं पडद्यावरच्या देवाला पैसा फेकला.
आणि मग दार.
राणी पाठमोरी. निघाली.
राखाडीच होती, पण उतरत्या उन्हात
गोदेचं पाणी कूस बदलतं, तशी ती राखाडी
खांद्यापासून टाचेपर्यंत हलली.
तंबूत कुणी काही बोललं नाही,
म्हणजे कुणाला काही कळलं असंही नाही.
सहा पावलं. फार घाई केली तिनं.

आबा उठून बाहेर गेले, तंबाखू मळत उभे राहिले,
पुढची गोष्ट त्यांनी कधी विचारली नाही.
फक्त एवढंच: "रडली का गं?"
पाठमोरी होती, मी म्हटलं.
"मग रडलीच असंल."

ती कंपनी बुडाली. रिळं म्हणे गुदामात जळाली.
नबाबाचं राज्य गेलं, हाली रुपया गेला,
माग मोडून आम्ही त्याची फळी केली.
साडी कुणाच्या पेटीत कुजली, माहीत नाही.

राहिलं असेल तर एक दप्तर,
गोदेकाठच्या करोडगिरी नाक्याचं.
साडी इंग्रजी हद्दीत जायची, म्हणून जकात.
मुन्शी वजाहत अलींनी घडी उलगडली.
"मियां, रंग क्या लिखूं?"
"तुमाला दिसंल त्यो."
त्यांनी लिहिलं, मोठ्यानं म्हणत: सब्ज.
खिडकीतून वारा आला. खोडलं.
सुर्ख. पदर जरा सरकला. तेही खोडलं.
चष्मा काढला, पुसला, घातला.
मागं मिठाची पोती घेतलेले लोक कुरकुरायला लागले.
मग त्यांनी, काही न बोलता,
रंगाच्या रकान्यात एक शब्द लिहिला
आणि शिक्का मारला.

नावेत आबांनी विचारलं, काय लिवलं गं?
मला उर्दू कुठं येत होतं?
एवढंच पाहिलं होतं मी,
लेखणी उजवीकडून डावीकडं गेली होती,
धोटा माघारी येतो तशी.