डाव्या कानाचं टोक

कालिम्नोसला फेब्रुवारीत बोट लागते.
डॉक्टरबाई उतरतात : दोन पेट्या, एक दिवा.
हिवाळ्यापुरत्या बंद खानावळीत टेबलं जोडून
एव्दोकिया चादर अंथरते.
नसबंदीची फी जमेल तेवढी, कुणी पाच युरो,
कुणी ऑलिव्हची बरणी.

स्तमातिस पिंजरा घेऊन येतो,
हातांना सार्डिनचा वास.
दर वसंतात धक्क्याच्या टोकाशी
पोतं घेऊन जायचा तो.
सगळ्यांना ठाऊक. कुणी विचारत नसे.

"करडी आहे," म्हणतो, "चावते."
आणि बाहेर पायरीवर बसून राहतो
चार तास, टोपी गुडघ्यावर.

संध्याकाळी करडी शुद्धीवर येते,
डाव्या कानाचं टोक नाही.
तो नकळत स्वतःचा कान चाचपतो.

"पोतं आता," एव्दोकिया म्हणते,
"बटाट्यांना."