बेचाळीस किलो

तुर्भ्याच्या गाळ्यात टेम्पोतून उतरवला तेव्हा
चाकांना अजून बेलापूरच्या बागेतलं गवत होतं.
छोटा ट्रॅक्टर, बावीस घोड्यांचा,
घोडे सगळे जागेवर, फक्त हाक ऐकत नव्हते.
चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्.

टेम्पोवाला म्हणाला, बॅटरी.
मुकादम म्हणाला, स्टार्टर.
मी सीट उचलली.

सीटखाली एक स्विच असतो, आगपेटीएवढा.
माणूस बसला की दबतो, उठला की सुटतो.
मागचं पातं फिरत असताना माणूस उठला
तर इंजिन बंद करायचं, एवढीच त्याची नोकरी.
क्लचपाशी त्याचा एक भाऊ, गिअरपाशी दुसरा.
एकानेही नाही म्हटलं तर नाही.

आज क्लचवाला गंजला होता. पंधरा मिनिटांचं काम.
पण सीटवाल्याच्या दोन वायरी
प्लगमधून काढून एकमेकींना पिळलेल्या,
वरून पिवळी टेप.

पिवळी टेप मी वापरतो.
एका पावसाळ्यात काळी मिळेना
आणि दुकानदाराने पन्नास गुंडाळ्या गळ्यात मारल्या.
पीळही माझाच, साडेतीन वेढे.

हरेश्वर म्हणाला होता, दर दहा पावलांवर दगड येतो,
उतरा, उचला, पुन्हा चालू करा, दिवस जातो माझा.
याला गप्प कर.
मी गप्प केलं. ऐंशी रुपये. चहा त्याने पाजला.

दोन वर्षांनी पात्यात नायलॉनची दोरी गुंतली,
ती सोडवायला तो खाली वाकला होता
आणि ट्रॅक्टरला वाटत होतं तो वर बसलाय.
उजव्या पायाचा पंजा.
आता बागेच्या गेटवर वही सांभाळतो.
मी त्या रस्त्याने गेलो तर हात करतो.
टेपचा रंग त्याला आठवत नसावा.
असेलही.

वायरी सोडवल्या, प्लग बसवला.
बस म्हटलं ड्रायव्हरला.
सुगंधा भगत, नवीन लागलेली,
बसली, पातं टाकलं, आणि इंजिन मेलं.
पुन्हा. पुन्हा मेलं.
वजन किती तुझं?
बेचाळीस. जेवल्यावर.

मुकादम हसला, हिला तो मोजतच नाही हो,
जोडून टाका परत, हाय काय नाय काय.
टेम्पोवाला म्हणाला, सीटखाली वीट सरकवा.
सुगंधा काही बोलली नाही,
पदर कमरेत खोचून दुसऱ्यांदा खोचला.

स्प्रिंग शोधत डबे उपडे केले.
स्कूटरच्या ब्रेकची एक, फारच ढिली,
नुसती रिकामी सीट ठेवली तरी दबायची.
एक कसली होती कोण जाणे, ती सुटेचना.
तिसरीचे दोन वेढे कापले.
वीस लिटरचा पाण्याचा कॅन सीटवर ठेवला, दबली नाही.
सुगंधाला बसवलं, दबली.

इंजिन चालू राहिलं.
उठ म्हटलं. ती उठली
आणि गाळ्यात एकदम शेजारच्या क्रशरचा आवाज ऐकू आला.
बसून चालू केलं तिने, पुन्हा उठली. परत बसली.
चौथ्यांदा मुकादम ओरडला, डिझेल काय फुकटचंय?
ती म्हणाली, मी उठले हे लगेच कळतं की याला.

बिलावर लिहिलं, क्लच स्विच, एक नग.
आणि सीटचं? मुकादमाने विचारलं.
ते जुनं काम, म्हटलं, त्याचे पैसे घेतलेत मी.
त्याने खांदे उडवले, घासाघीस वाचली त्याची.

टेम्पो उरणफाट्याकडे वळला.
अंगठ्याला टेपचा चिकटा रॉकेलनेही जात नव्हता.
चारपर्यंत पोचतील.
गेटवर हरेश्वर लिहील,
ट्रॅक्टर एक, ड्रायव्हर एक, आत.