शेवटचा व्हॉल्व्ह

कॉन्व्हेंटचं पाणी बंद करायला मला बोलावलं,
गावात प्लंबर मीच उरलोय.
तळघराची वाट पाठ होती.
चौथीत दंगा केला की सिस्टर लेओकादी
इथेच धाडायची, बॉयलरला कोळसा घालायला.

क्वेबेकहून त्या आल्या त्याला एकशे नऊ वर्षं झाली.
सकाळी फ्रेंचमध्ये प्रार्थना,
दुपारी इंग्रजीत अपूर्णांक.
गिरणीत उभ्या उभ्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांना
सही शिकवली, मग पगाराची पावती वाचायला,
आणि एका हिवाळ्यात संपाच्या पत्रकाचं
शुद्धलेखन तपासून दिलं,
फादर ग्रावेलला न सांगता.

मी डावखुरा. तिने पट्टीने
माझी बोटं सुजवली.
माझी आई गेली त्या रात्री
तीच आमच्या स्वयंपाकघरात
पहाटेपर्यंत बटाटे सोलत बसली होती,
माणसं येतील, उपाशी जायला नकोत म्हणून.
दोन्ही खरं आहे.
कशातून काय वजा करायचं
ते तेवढं शिकवलं नाही.

वर खोल्या रिकाम्या. घंटेच्या दोरीला
काळी पडलेली गाठ,
सात वर्षांच्या पोराचा हात पुरेल अशा उंचीवर.
उरलेल्या तिघी पोर्टलंडच्या वृद्धाश्रमात.
रविवारी आता एकच मिस्सा.
वेदीच्या कापडांना इस्त्री माझी बायको करते,
घड्या त्यांच्याच, तीन उभ्या, तीन आडव्या,
का, ते तिला ठाऊक नाही.

व्हॉल्व्ह गंजलेला. उजव्या हाताला दाद देईना.
साठी उलटली तरी
मी मागे वळून बघितलं, जिन्यावर कुणी नाही ना,

आणि डावा लावला.