वैयक्तिक संभाषण, साखर पेठ

तंत्रनिकेतनात भाषेच्या मास्तराला
दुपारी दोनचा तास मिळतो. एप्रिलात. दुसऱ्या मजल्यावर.
पंखा फिरतो तो स्वतःच्याच समाधानासाठी,
आणि वस्त्र-अभियांत्रिकीची चाळीस पोरं माझ्याकडे बघतात,
डब्याच्या तळाशी राहिलेल्या
शेंगाचटणीकडे बघावं तसं.

पहिल्या आठवड्यात त्यांचे अहवाल वाचले.
'यंत्र सुरू करण्यात आले. आवाज आढळून आला.
योग्य ती उपाययोजना करण्यात आली.'
कोणी केली? कोणाला आढळला?
चाळीस अहवालांत एक माणूस नव्हता.
रात्री एखादं भूत येऊन माग चालवून गेलं असावं,
जाताना निष्कर्षही लिहून.

मग मी एक गोष्ट नेली वर्गात.
विहिरीत घागर पडते, एवढीच.
दुःख हा शब्द तीत कुठंही नाही,
फक्त हातात दोर किती उरला ते सांगितलंय.
मागच्या बाकावरचा मुनाफ म्हणाला,
'सर, हे तर मोजमाप झालं.'
हो, म्हणालो. आता सांग, बाई का रडली.
त्यानं खिडकीबाहेर बघितलं बराच वेळ,
गिरणीच्या बंद धुराड्याकडे.
मग म्हणाला, 'दोर तुटलेला नव्हता, सर. सुटलेला होता.'

फुशारकीत पुढच्या तासाला मी माझी कविता नेली.
इरण्णा माशाळनं हात वर केला:
'वेदनेचं अथांग आभाळ.
अथांग म्हणजे सर, वरून खाली मोजायचं
का खालून वर?'
वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा.
त्या ओळीवर मी वीस वर्षं काढली होती.

भाग्यलक्ष्मी चिलवेरी हसली नाही. ती लिहीत होती.
तिचा अहवाल मेमध्ये आला:

'माग बिघडला की माझे वडील आधी दिवा लावत नाहीत.
कान लावतात.
खट् आणि खट् यांच्यामधली जागा
केसाएवढी रुंदावली, तर म्हणतात, चामडं गेलं.
ती जागा मी मोबाईलवर मोजली.
तेरा सहस्रांश सेकंद.
तीनदा वडील बरोबर निघाले. चौथ्यांदा मी.'

विभागप्रमुखांनी 'वडील' या शब्दाभोवती लाल गोल काढला.
समासात लिहिलं: आधार काय? संदर्भ द्यावा.

मी भांडायला जाणार होतो.
जिन्यात वाक्यंही जुळवत होतो, चांगली लांबलचक,
दोन विशेषणं तर फारच जमली होती.
ती वाटेतच भेटली.
'सर, संदर्भ म्हणजे नाव, ठिकाण, वेळ, एवढंच ना?'
आणि कठड्यावर वही टेकवून लिहिलं तिनं:

'८. चिलवेरी, नरसय्या. वैयक्तिक संभाषण, तेलुगूतून.
साखर पेठ, माग क्रमांक तीन,
रात्री सव्वाअकरा, वीज गेलेली असताना.'

वीज गेलेली असताना माग कसा चालेल, असं मी विचारणार होतो.
मग लक्षात आलं, की संभाषण
मागाचा आवाज थांबल्यावरच झालं असणार.

अहवाल मंजूर झाला. सही, शिक्का,
आणि 'तेलुगूतून'खाली पेन्सिलीची एक पुसट खूण,
कुणाची ते कळलं नाही.

घरी येऊन मी कवितेतलं 'अथांग' खोडलं.
तिथं काय घालावं, अजून सुचलेलं नाही.
जागा तशीच आहे.
मोजायची राहिलीय.