टाकाऊतले पाचशे

बेलफास्टला हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो.
लगन नदीच्या काठी, पाचव्या मजल्यावर,
आम्ही बावीस जण हेडफोन लावून
परक्यांची पत्रं वाचतो, तासाच्या दराने.
दावा लुइझियानातला. कारखाना, टाकी, रात्रीचा स्फोट.
मी तिथे कधी गेलेले नाही.
तिथल्या वेंडल आर्सेनोला मात्र
त्याच्या भावापेक्षा जास्त ओळखते.

कस्टोडियन क्रमांक चौदा. एकोणचाळीस हजार मेल.
संबंधित. असंबंधित. वकिली गोपनीय.
तीन बटणं, मेलागणिक अकरा सेकंद.
कोळंबीची ऑर्डर: असंबंधित.
मुलीच्या दातांच्या तारेचा हप्ता: असंबंधित.
स्वतःलाच पाठवलेलं एक, विषय कोरा,
आत फक्त 'विसरू नकोस',
काय ते नाही: असंबंधित.

माझ्या मागे बसून यंत्र शिकत होतं.
दोन आठवडे मी त्याला खडे दाखवले, तांदूळ दाखवले,
मग त्यानेच सूप हातात घेतलं
आणि बावीसांतले आम्ही नऊ उरलो.
डर्व्लाने जाताना मग नेला, कुंडी ठेवली.
टियर्नन म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका,
ते तुमच्याकडूनच शिकलंय.

शेवटी एक रीत असते.
यंत्राने जे टाकलं, त्यातले पाचशे कागद
डोळे मिटून उचलायचे, आणि माणसाने वाचायचे,
म्हणजे न्यायाधीशाला सांगता येतं,
बघा, कोंड्यात दाणा नाही.
ते पाचशे माझ्या वाट्याला आले.

तीनशे बारावा.
यंत्राने दिलेले गुण: शून्य पूर्णांक शून्य तीन.
बायकोला, संध्याकाळी सव्वासहाला.

    ████, जेवायला थांबू नकोस.
    सातवर परत सही झाली. मी काही बोललो नाही.
    शर्ट वेगळा धू, वास जात नाहीये.
    भेंडी फ्रीजमध्ये आहे.
    ████ला सांग, शनिवारी नक्की.

व्हॉल्व्ह हा शब्द नाही. गळती नाही. धोका नाही.
शोधायच्या यादीतलं एक अक्षर नाही.
यंत्र चुकलं असं कसं म्हणू?
मीच तर त्याला शिकवलं होतं
की भेंडी, शर्ट, शनिवार
यांचा खटल्याशी संबंध नसतो.

मी 'संबंधित' दाबलं. पडद्याने विचारलं, नक्की?
टियर्नन खुर्ची ओढत आला. दोनदा वाचलं.
एक दाणा सापडला की
सगळा कोंडा पुन्हा पाखडायचा,
चार लाख कागद, नवं बिल, नवी तारीख.
"सात म्हणजे मजलाही असू शकतो," तो म्हणाला.
"असू शकतो," मी म्हणाले.
बटण तसंच राहू दिलं.

मग खासगीपणाचा नियम.
बायकोचं नाव काळं करायचं, मुलीचं करायचं.
माउसने चौकोन ओढला. हे मला नीट जमतं,
कडेने एक मात्राही बाहेर राहत नाही.
म्हणून इथेही लिहिली नाहीत.
शर्टाबद्दल मात्र नियम गप्प आहे.
वास ही कुणाची वैयक्तिक माहिती?
तिने तो धुतला का, की अजून आहे
कुठल्या पिशवीत, गाठ मारून,
हे मला शोधता येत नाही.
त्याचा मेलबॉक्स पुढच्या मंगळवारी थांबतो,
रात्री नऊ चाळीसला,
एका न उघडलेल्या जाहिरातीपाशी.

बसमध्ये भावाचा निरोप आला.
बाबांना परत धाप लागली.
तुला सांगू नको म्हणालेत.
आमच्या घरचे निरोप सात दिवसांनी आपोआप पुसले जातात,
ती सोय मीच करून ठेवलीय,
या कामाला लागले त्याच आठवड्यात.
काच धुरकटली होती, माझा थांबा मागे गेला होता.
बराच वेळ बोट नुसतं धरून बसले.
मग लिहिलं, येतेय,
जेवायला थांबू नका.